पांढऱ्यावर पांढरं

आयुष्यातलं पहिलं माफीपत्र मी एका कंपनीला लिहिलं आणि त्याखाली नाव घातलं दुसऱ्याचं. ज्याचं नाव घातलं, त्याने काहीच केलं नव्हतं. जे केलं होतं ते मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या माणसाबद्दल लिहायला लागलो की मी रंगत जातो आणि माझं तेवढं सांगायचं राहून जातं. एकदा ते असंच वर्षभर राहून गेलं होतं.

दोन हजार चारच्या सुमाराला मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीमध्ये एका छोट्या कंपनीत होतो. दातांच्या डॉक्टरांच्या वेबसाइट बनवायच्या आणि त्या सर्च इंजिनमध्ये वर आणायच्या, हे आमचं काम. राहायला एका घराच्या गराजवरची खोली होती. घरात काका आणि काकू. ते नक्की कोणाचे काका हे मला कधी कळलं नाही. गावातले सगळे मराठी लोक त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागलो.

खोली बघायला गेलो त्या दिवशी भाड्याचा विषय निघायच्या आधीच त्यांनी विचारलं, "झाडांना पाणी घालायची हौस आहे का तुला?"

हौस असलेली बरी असं मला वाटलं. "हो काका, खूप."

"मग ही खोली तुला नाही."

काकू मध्ये पडल्या. "अहो, त्याने सभ्यपणाने हो म्हटलं. तोंड बघा त्याचं. त्याने जन्मात कधी झारी धरली नसेल."

काकांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना ते पटलं असावं. "माझ्या कुंड्यांना हात लावणार नाही, असं कबूल कर," ते म्हणाले. मी कबूल केलं. तो शब्द मी शेवटपर्यंत पाळला. कुंड्यांना मी खरंच कधी हात लावला नाही.

गराजमध्ये बेचाळीस कुंड्या होत्या, आणि सगळ्या कढीपत्त्याच्या. काका विदर्भातले, ते गोडलिंब म्हणत. काकू पुण्याकडच्या, त्या कढीलिंब म्हणत. चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न सुटलेला नव्हता. उन्हाळ्यात कुंड्या अंगणात आणि गाडी गराजमध्ये. थंडी पडली की कुंड्या आत आणि गाडी बाहेर. जानेवारीत सकाळी काकू गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असायच्या आणि आत बेचाळीस झाडं हीटरसमोर उभी असायची. "झाडं आत, माणसं बाहेर," असं त्या शेजारच्या अमेरिकन बाईंना मराठीतच सांगायच्या. त्या बाई मान हलवायच्या.

काका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर लायब्ररीतून पुस्तक आणून ते स्वतःच वेबसाइट करायला शिकले. वेबसाइट म्हणजे एकच पान. न संपणारं. थंड प्रदेशात हे झाड कसं जगवायचं, एवढाच विषय. पानाच्या तळाशी एक फॉर्म होता. त्यात नाव, गाव आणि प्रश्न, एवढंच विचारलेलं. ईमेल विचारलेला नव्हता. "लोकांचा पत्ता आपल्याला कशाला पाहिजे?" ते म्हणत. उत्तर ते पानावरच लिहीत. ज्याला हवं असेल त्याने परत येऊन वाचावं. एकाचा जो प्रश्न असतो तोच आणखी दहांचा असतो, हे त्यांचं म्हणणं.

उत्तर मात्र लगेच मिळायचं नाही. आधी ते तीन प्रश्न विचारत. खिडकी कुठल्या दिशेला आहे? कुंडीला भोक आहे का? आणि पाणी कोण घालतं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

"नवरा सकाळी घालतो, बायको संध्याकाळी घालते, आणि दोघं एकमेकांना सांगत नाहीत," ते म्हणायचे. "एका झाडाला एकच माणूस पाहिजे. दुसऱ्याने फक्त बघावं."

ही सवय झाडांपुरती राहिलेली नव्हती. एकदा मला ताप आला. काढ्याचा कप हातात घेऊन ते जिना चढून वर आले आणि कप द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "कधीपासून? घाम येतो का? औषध कोणी सांगितलं?" तिन्ही उत्तरं मिळाल्यावरच कप पुढे आला. तोवर काढा गार झाला होता.

त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी कोरी कार्डं असायची. मंडळाच्या गणपतीत सगळे पंगतीत बसलेले असताना काका कोणाच्या तरी मागे उभे राहून कार्डावर काहीतरी उतरवून घ्यायचे. "आमचं झाड रुसलंय बघा," असं कोणी म्हणालं की तेच शब्द जसेच्या तसे कार्डावर. मग तेच पानावर, मथळा म्हणून. अशी कार्डं भरलेली बुटांची चार खोकी होती. मी एकदा हसून म्हणालो, "काका, 'झाड रुसलंय' हा काय मथळा झाला? नीट शास्त्रीय लिहा, 'पर्णगळतीची कारणे'."

"शास्त्रीय शब्द ज्याला येतो त्याला माझं पान कशाला लागेल? ज्याचं झाड रुसलंय तो रुसलंय असंच शोधणार."

पुढे कित्येक वर्षांनी मोठ्या पगाराच्या लोकांच्या मीटिंगमध्ये हीच गोष्ट मी पडद्यावर दाखवली जाताना बघितली, चार्ट आणि बाणांसकट. मला बुटांची खोकी आठवली.

आपलं पान सर्च इंजिनमध्ये कितवं येतं, हे ते आठवड्यातून एकदा बघत. त्यासाठी लायब्ररीत जात. घरी कॉम्प्युटर असताना तिथे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "घरचा कॉम्प्युटर आपली बाजू घेतो." त्या काळी असं काही होत नसे. मी ते समजावलं, पण त्यांनी ऐकलं नाही. परक्या कॉम्प्युटरवर परक्या माणसासारखं बसून ते शोधायचे आणि आकडा कार्डावर लिहून आणायचे. बहुतेक वेळा नववा.

"नववा म्हणजे काही वाईट नाही," ते म्हणत. "ज्याला खरी गरज आहे तो खालपर्यंत येतो."

पण कोणतं पान चांगलं हे यंत्राला कळतं कसं, याचं कुतूहल त्यांना स्वस्थ बसू देत नसे. एका रविवारी पोहे खाताना त्यांनी मला धरलं. मी सांगितलं की इतर किती पानं तुमच्या पानाकडे बोट दाखवतात ते यंत्र मोजतं. चांगल्या पानांनी बोट दाखवलं तर जास्त वजन.

ते थोडा वेळ चावत राहिले. "म्हणजे स्थळाची चौकशी करतात तसं. मुलाला विचारत नाहीत, शेजाऱ्यांना विचारतात."

"अगदी तसंच."

"शेजारी विकत मिळतात का?"

"मिळतात, काका."

"आणि चौकशी करणाऱ्याला ते कळतं?"

"अजून तरी नाही."

"कळेल," ते म्हणाले आणि पोह्यातला कढीपत्ता बाजूला न काढता खाऊन टाकला. तो ते नेहमीच खायचे.

आता माझ्याकडे येतो. त्या उन्हाळ्यात माझ्या साहेबाने सांगितलं, कोणतंही एक पान पहिल्या नंबरावर आणून दाखव, मग तुला ठेवायचं की नाही ते बघू. माझ्या व्हिसाची मुदत वाढायची होती. डॉक्टरांच्या पानांवर प्रयोग करायची मला भीती वाटली. काकांच्या पानाचा पासवर्ड माझ्याकडे होता. मागे सर्व्हर बदलताना त्यांनीच तो कार्डावर लिहून दिला होता.

पानाच्या अगदी तळाशी मी साठेक शब्द घातले. झाडं, रोपं, भारतीय किराणा, पाककृती, स्वस्त, उत्तम. पान पांढरं आणि अक्षरंही पांढरी. माणसाला काही दिसत नाही, यंत्र मात्र वाचतं. आणि शेजारीही मिळवले. एक आडबाजूचं पान करून त्यावर शे-दोनशे अनोळखी वेबसाइटची नावं टाकली. त्या बदल्यात त्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं. त्यात रिंगटोन विकणारे होते, घराची कर्जं देणारे होते. कढीपत्त्याशी कोणाचाच संबंध नव्हता. काकांना मी विचारलं नाही. नंतर सांगू आणि चकित करू, असं मी स्वतःला सांगत होतो.

ऑगस्टमध्ये पान नवव्यावरून पहिल्यावर आलं. माझी नोकरी टिकली. प्रश्नांचा पूर आला, काकूंनी नवी खोकी आणली. काका मात्र खूश व्हायच्या आधी गोंधळले.

"मी तर काहीच केलं नाही. मग वर कसं गेलं?"

"पान चांगलं आहे तुमचं, काका."

"ते मागच्या महिन्यातही तेवढंच चांगलं होतं." त्यांनी एका कार्डावर 'कारण?' एवढंच लिहिलं आणि टेबलासमोर भिंतीला चिकटवलं. मी जिन्यावरून जाताना ते कार्ड दिसायचं.

ऑक्टोबरच्या शेवटी पान गेलं. पहिल्यावरून दुसऱ्यावर नाही, सरळ नाहीसंच झालं. काका लायब्ररीत बसून शंभराव्या क्रमांकापर्यंत उतरले आणि हात हलवत परत आले. काय झालं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. यंत्राला पांढरी अक्षरं सापडली होती. असं पान ते यादीतून काढूनच टाकतं. मी लगेच सगळं पुसून टाकलं. सांगितलं मात्र काही नाही.

मला वाटलं, ते 'कारण?' शोधून शोधून थकतील. पण ते माझ्याच शिकवणीने विचार करत गेले.

"शेजाऱ्यांनी माझ्याबद्दल वाईट सांगितलंय," एके दिवशी जेवताना ते म्हणाले. "म्हणजे मी कोणाचं तरी वाईट केलंय."

त्यांनी शेवटची कार्डं काढली. पान जायच्या आठवड्यात ओहायोतल्या डब्लिनहून एका बाईंनी लिहिलं होतं. त्यांची आई येऊन राहिली होती तेव्हा तिने बी लावलं होतं. आई आता नाही, आणि झाडाला एकही पान नाही. ते गेलं का? काकांनी तीन प्रश्न विचारले, बाईंनी उत्तरं दिली. मग काकांनी पानावर लिहिलं, नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवं असेल तर वीतभर ठेवून वरचं सगळं छाटा. त्यानंतर बाई परत आल्या नाहीत. कशा येणार? पान सापडतच नव्हतं.

"इतकं खाली छाटायला सांगायला नको होतं," काका म्हणाले. "गेलं असणार. तिच्या आईचं झाड."

"अहो, कामात असेल ती," काकू म्हणाल्या.

मी आमटी वाढून घेतली.

जानेवारीतल्या एका सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा काका गराजमध्ये उभे होते, कानटोपी घालून, हातात कात्री घेऊन. समोर त्यांचं सगळ्यात जुनं झाड होतं, माझ्या खांद्याएवढं. कुंडीच्या मातीपासून त्यांनी वीत मोजली, बोट ठेवलं, आणि छाटलं. फांद्या पडल्या तसा गराजभर तो वास पसरला. काकू दारात आल्या.

"तिच्या एका झाडासाठी स्वतःचं छाटलंत?"

"मग कळणार कसं, मी चुकीचं सांगितलं का ते?"

खरं कारण वरच्या खोलीत राहत होतं आणि त्या क्षणी गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन त्यांच्यापासून चार पावलांवर उभं होतं. मी म्हणालो, "काका, थंडी आहे, आत जा." आणि ऑफिसला गेलो.

त्या काळात अशा हाकलून दिलेल्या पानांना परत यायचा एक रस्ता असे. सर्च इंजिनच्या कंपनीला लिहायचं. काय केलं ते कबूल करायचं, ते काढून टाकल्याचं सांगायचं, पुन्हा करणार नाही म्हणायचं. फेब्रुवारीत मी ते लिहिलं. इंग्रजीत, नीट, सुटसुटीत. 'माझ्या पानावर मी लपवलेले शब्द घातले होते. ते मी काढले आहेत. असा प्रकार पुन्हा होणार नाही.' पानाच्या मालकाचं नाव आणि ईमेल विचारला होता. माझं नाव घातलं तर उद्या साहेबाच्या, आमच्या कंपनीच्या वाटेला काही येईल, असं वाटलं. मी काकांचं घातलं. पान त्यांचंच आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, असंही मी स्वतःला सांगितलं.

पोच त्यांच्या ईमेलवर आली, खाली माझं पत्र जोडून. काका आलेली प्रत्येक मेल छापत. ते कागद घेऊन वर आले.

"हे मी लिहिलंय असं दिसतंय. मला आठवत नाही."

तीन प्रश्नांची संधी मी त्यांना दिली नाही. "काहीतरी ऑटोमॅटिक मेल असेल काका. सोडून द्या."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात, कार्डांच्या मागे ठेवली.

मार्च संपता संपता त्या छाटलेल्या झाडाला दोन डोळे फुटले. एप्रिलमध्ये पान परत यादीत आलं, नवव्या नंबरावर. प्रश्नही यायला लागले. सगळं मिटलं असं समजून मी जूनमध्ये व्हर्जिनियात हर्नडनला नव्या नोकरीवर गेलो. निघताना काकूंनी डब्यात चटणी दिली. काकांनी एक रोप दिलं आणि विचारलं, "पाणी कोण घालणार?" "मी एकटाच आहे, काका." "मग जगेल."

हर्नडनला गेल्यावर काही दिवसांनी मी सहज ते पान उघडलं. डब्लिनच्या बाई परत आल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'तुम्ही सांगितलंत तसं छाटलं, झाड फुटलं. आभार मानायला कितीदा शोधलं, पण सापडेना. मधल्या काळात तुमचं पान कुठे गेलं होतं?'

खाली काकांचं उत्तर होतं. 'माझ्या हातून काहीतरी गैर झालं होतं, असा कागद माझ्याकडे आहे. काय झालं ते मला आठवत नाही. आठवलं की इथे लिहीन.'

ते मी वाचलं, आणि पान बंद केलं. पुढचे कित्येक महिने मी ते पान उघडायचो, ते उत्तर तसंच आहे हे बघायचो आणि बंद करायचो. उलगडा मी एका ओळीत करू शकलो असतो.

पुढच्या थंडीत काकूंचा फोन आला. चटणी पाठवायला पत्ता हवा होता. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "हे ना, सगळं लिहून ठेवायला लागलेत रे. गोळी घेतली, दार लावलं, पाणी घातलं. प्रत्येकाचं कार्ड. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. काही नाही म्हणाले. यांना पटत नाही. म्हणतात, तो कागद मीच लिहिलाय आणि मला त्यातलं एक अक्षरही आठवत नाही. मग आणखी काय काय विसरलो असेन?"

"काकू, मी शनिवारी येतो."

"अरे, एवढ्या लांब? चटणी पोस्टाने येते."

हर्नडनहून कॅरी साडेचार-पाच तासांचा रस्ता. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. पोचलो तेव्हा गाडी बाहेर होती आणि गराजचं दार अर्धं वर. काका स्टुलावर बसलेले, कानटोपीत. मागच्या भिंतीवर कार्डंच कार्डं.

जुळवलेली वाक्यं गेली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. शब्द मी घातले. शेजारी मी मिळवले. पान त्याच्यामुळे गेलं. बाईंच्या झाडाचा काही संबंध नव्हता.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती शब्द होते?"

"साठेक."

"पांढऱ्यावर पांढरे?"

"हो. माऊस दाबून ओढला असता तर दिसले असते."

"तेवढं मला सुचलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत क्षणभर ते रविवारचं पोह्यांच्या वेळचं कुतूहल आलं. "त्यात गोडलिंब लिहिलं होतंस का?"

"नाही, काका."

"मग काय उपयोग." खिशातून, कार्डांच्या मागून त्यांनी तो कागद काढला. घड्यांवर तो विरला होता. "आणि हे?"

"तेही मीच लिहिलं. तुमचं नाव घालून. तुम्ही वर आलात तेव्हा खोटं बोललो."

मला वाटलं, आता ते रागावतील. त्याचीच तयारी करून मी आलो होतो. काका स्टुलावरून उठले, घराच्या दाराशी गेले आणि आत वाकून हाक मारली. "अगं, ऐकलंस का? मी विसरलो नव्हतो. मी लिहिलंच नव्हतं."

काकू ओल्या हाताने बाहेर आल्या. त्यांनी काकांकडे बघितलं, कागदाकडे, मग माझ्याकडे. पदराने डोळे पुसून आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता.

"काका," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ करा."

ते भिंतीवरची कार्डं उतरवायला लागले होते. गोळी घेतली. दार लावलं. एकेक काढून त्यांनी गठ्ठा केला. झाडांबद्दलची कार्डं तेवढी राहू दिली.

"ते मला सांगितलंस," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "विचारलंय त्या बाईंनी. तो प्रश्न कित्येक महिने उघडा आहे." आणि खिशातलं एक कोरं कार्ड आणि पेन माझ्यासमोर धरलं. "तुझ्या शब्दांत लिही. मी तसंच टाकीन."

मी गराजच्या पायरीवर बसून लिहिलं. दोनदा खोडलं. त्यांनी खोडलेलंही राहू दे म्हणून सांगितलं.

'तुमच्या झाडाबद्दल काकांनी बरोबरच सांगितलं होतं. मधल्या काळात हे पान दिसत नव्हतं, कारण मी त्यांना न विचारता त्यात लपवलेले शब्द घातले होते. पुढे माफीही मी त्यांच्या नावाने मागितली, आणि ती आपणच मागितली असं त्यांना वाटत राहू दिलं. त्यांनी काहीही केलेलं नाही आणि ते काहीही विसरलेले नाहीत. मी त्यांची माफी मागतो. तुमचीही.'

खाली मी माझं नाव घातलं.